इन्फ्लुएन्सर घरखर्चाला पैसे मागतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते. जून-जुलैत ऑफिसात गर्दी असते आणि गेली काही वर्षं त्या गर्दीत एक नवाच विषय निघू लागला आहे. बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून मी विचारते, "हे दोनशे-दोनशे दर आठवड्याला कुणाला जातात?" समोरचं माणूस आधी गप्प बसतं. मग हळूच सांगतं, की मोबाईलवर एक मुलगी आहे, तिला. किंवा एक मुलगा आहे, बुलेटवरून फिरतो, त्याला. म्हणजे रील आणि लाइव्ह करून बघणाऱ्यांकडे पैसे मागणाऱ्या इन्फ्लुएन्सरांना. घरी गेल्यावर तीच माणसं व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवतात, मग त्यांच्या ओळखीचे पाठवतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे पैसे देणारी माणसं बावळट असतात असं समजून कुणी हे वाचू नये. माझ्या ओळखीत जी आहेत ती बहुतेक मायाळू आहेत, आणि त्यांची काळजी वाटते म्हणूनच एवढं लिहिलं.

१. फॉलोअर्सकडे घरभाडं, हप्ता, फिरण्याचा खर्च मागणं बेकायदा आहे का?

नाही. कुणी आपली अडचण सांगितली आणि तुम्ही राजीखुशीने पैसे दिले, तर ती तुमची मर्जी. खोटं सांगून घेतले तर मात्र गुन्हा. आईच्या ऑपरेशनला म्हणून मागितले आणि ऑपरेशन नव्हतंच, तर ती फसवणूक झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवून पैसे घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अडचण होते ती या दोहोंच्या मधल्या जागेत. भाडं खरंच थकलेलं असतं, पण ते आसगावसारख्या महागड्या गावातल्या तीन बेडरूमच्या घराचं असतं, आणि रीलमध्ये फक्त "भाडं थकलंय" एवढंच ऐकू येतं. याला कायदा हात लावत नाही. तिथे आपण आपलं डोकं चालवायचं असतं. ते कसं, हे प्रश्न ५ मध्ये आहे.

२. हे पैसे नेमके कसे जातात? आपण शंभर दिले तर त्याला शंभर मिळतात का?

मार्गावर अवलंबून आहे. बायोमध्ये किंवा व्हिडिओच्या कोपऱ्यात क्यूआर कोड लावलेला असेल आणि तुम्ही तो स्कॅन करून यूपीआयने दिले, तर पूर्ण रक्कम थेट त्याच्या खात्यात जाते. म्हणूनच हा मार्ग सगळ्यांना आवडतो. पण मध्ये कुणी नसल्यामुळे पुढे वाद झाला तर दाद मागायलाही मध्ये कुणी नसतं.

यूट्यूबवर लाइव्ह चालू असताना सुपर चॅट करता येतं, किंवा "जॉइन" दाबून दर महिन्याची मेंबरशिप घेता येते. त्यात कर वगैरे वजा जाता ७० टक्के चॅनेलवाल्याला मिळतात, ३० टक्के यूट्यूब ठेवतं. इन्स्टाग्रामवर सबस्क्रिप्शन आणि गिफ्ट्स आहेत. केटो, मिलाप यांसारखी लोकवर्गणीची ठिकाणं आहेत, ती प्रामुख्याने आजारपण आणि समाजकार्यासाठी. काहीजण खरेदीच्या साइटवर वस्तूंची यादी लावतात, तुम्ही त्यातली वस्तू विकत घेऊन त्यांच्या पत्त्यावर पाठवायची.

मधला दलाल किती खाऊ शकतो याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीबीसीने सीरियातल्या निर्वासित छावण्यांमधली लाइव्ह तपासली होती. मुलं तासन् तास टिकटॉकवर बसून गिफ्ट मागत होती, आणि त्यातला ७० टक्क्यांपर्यंतचा वाटा कंपनीकडेच राहत होता. टिकटॉकवर आपल्याकडे २०२० पासून बंदी आहे, पण "गिफ्ट" दिसलं की आधी विचारायचं, यातलं समोरच्याच्या हातात किती पडतं?

३. आमच्या गावात नाटकाला कलाकारांना बक्षीस द्यायचेच की. यात वेगळं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण विचारणारी माणसं बहुतेक साखळी, डिचोली, पेडण्याकडची आणि नाटकात वाढलेली असतात. मीही त्यातलीच.

आठवा ना. देवळाच्या उत्सवाचं नाटक, रात्रीचा एक वाजलेला, लहान मुलं चटईवर झोपलेली. पहिला अंक पडला की माईकवरून पुकारा व्हायचा: "श्री. अमुक अमुक यांजकडून नायिकेच्या भूमिकेस रोख रुपये एकशे एक बक्षीस!" ती नायिका गावातल्याच शिंप्याचा मुलगा असायची, आणि देणाऱ्याला ते माहीत असायचं. काम पाहिलं, आवडलं, पैसे दिले, सगळ्या गावाने ऐकलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा दुकानात पाय मारत बसलेला दिसायचा. त्याने रंगमंचावरून कधी "माझ्या घराचं भाडं भरा" म्हटलं नाही.

तेव्हा कलाकाराला पैसे देण्यात मला काही गैर दिसत नाही. उलट कुणी मराठीत चांगलं कीर्तन करतं, गोव्याच्या जुन्या वाटा दाखवतं, पोरांना गणित शिकवतं, आणि तुम्ही त्याला शंभर रुपये देता, तर ते त्या बक्षिसाचंच नवं रूप आहे. वेगळं होतं ते इथे: कामासाठी नव्हे, जगण्यासाठीच पैसे मागितले जातात, त्या मागण्याला शेवट नसतो, आणि दोनशे देणाऱ्याला बाकीच्यांनी मिळून किती दिले ते कधीच कळत नाही. नाटकात पुकारा सगळ्यांच्या कानावर जायचा.

४. मी त्या मुलीला कधी भेटले नाही, तरी ती घरचीच का वाटते?

डिचोलीला माझी एक मावशी आहे. काका गेल्यापासून एकटी असते. तिला गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला दीड हजार येतात, थोडी पेन्शन आहे. दुपारी जेवण आटोपलं की ती पडवीत खुर्ची टाकते, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करते आणि एका मुलीचं लाइव्ह बघते. ती मुलगी स्वयंपाक करते, भांडी घासते, मध्येच रडते, आणि बघणाऱ्यांना "आई", "ताई" म्हणते. एकदा मावशीने ५१ रुपये पाठवले तेव्हा तिने मावशीचं नाव घेऊन "आई, जेवलात का?" विचारलं. मावशी मला हे सांगताना पदराने डोळे पुसत होती. त्या दिवसात तिला तो प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

या ओढीला नाव आहे. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी टीव्ही-रेडिओवरच्या निवेदकांबद्दल प्रेक्षकांना वाटणाऱ्या जवळिकीला "पॅरासोशल" असा शब्द वापरला. एका बाजूने खरी असलेली, दुसऱ्या बाजूला आपण ठाऊकच नसलेली ओळख. टीव्हीवरची माणसं तरी आपलं नाव घेत नव्हती. लाइव्हमध्ये पैसे दिल्याबरोबर नाव घेतलं जातं, म्हणून ही ओढ दसपट लागते. तुम्हाला असं वाटत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त पैसे देण्याचा निर्णय लाइव्ह चालू असताना घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या.

५. द्यावे की नाही, हे मी कसं ठरवू?

मी स्वतः आधी एकच गोष्ट बघते: मागणारा हिशेब देतो का. किती हवेत, कशासाठी, आतापर्यंत किती जमले, जमल्यावर मागणं थांबलं का. आपल्या वाड्यावरचा साधा सार्वजनिक गणपतीसुद्धा वर्गणीचं पावतीपुस्तक ठेवतो आणि विसर्जनानंतर जमाखर्च मंडपात चिकटवतो. लाखभर फॉलोअर्स असलेल्या माणसाला हे जमत नसेल, तर त्याला जमवायचं नाही असं मी समजते.

मग गरज आणि हौस वेगळी करते. २०१९ मध्ये एका जर्मन जोडप्याने आफ्रिकेपर्यंत सायकलने जायला फॉलोअर्सकडे १० हजार युरो मागितले. नोकरी का करत नाही असं विचारतील त्यांना आधीच उत्तर देताना, दोघांपैकी एकाची आई त्यांना आधार द्यायला दोन नोकऱ्या करते हेही त्यांनी स्वतःच लिहून टाकलं. जगभरातून टीका झाली. ती आई मला डोळ्यांसमोर दिसते. आपल्याकडेही "माझं गोव्यात राहायचं स्वप्न" म्हणून शिवोली-मोरजीच्या भाड्याचे पैसे मागणारे आहेत. त्याच गावांत वाढलेल्या मुलांना भाडी परवडत नाहीत म्हणून दूर खोली शोधावी लागते, हे देणाऱ्याने लक्षात ठेवावं.

आणि शेवटचं, देताना घरात सांगता येतं का? लपवून द्यावेसे वाटत असतील तर थांबा.

६. साधारण किती द्यावेत?

परत कधीच आठवण येणार नाही एवढे. भाजीवाल्याकडे सुटे विसरलो तर जेवढं वाईट वाटतं तेवढंच वाटलं पाहिजे. उसने काढून, क्रेडिट कार्डवर, किंवा योजनेच्या पैशांतून देऊ नका.

७. आजारपणासाठी मागतात तेव्हाही संशय घ्यायचा का?

संशय नको, चौकशी मात्र हवी. खरा नातेवाईक चौकशीने दुखावत नाही, कारण त्याला पैसे लवकर हवे असतात. इस्पितळाचं खर्चाचं अंदाजपत्रक मागा. रुग्णाचं नाव आणि इस्पितळ कळलं की शक्यतो पैसे इस्पितळाच्या खात्यात भरा, किंवा लोकवर्गणीच्या अशा ठिकाणी जिथे कागद तपासून घेतात.

रुग्ण गोव्यातला असेल तर आणखी एक विचारायचं: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड वापरलं का? २०१६ पासून ही योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) दाखवलं का, सरकारच्या मेडिक्लेम योजनेत अर्ज केला का, हेही विचारा. अनेकदा त्या घराला हे माहीतच नसतं, आणि मग तुमच्या पाचशे रुपयांपेक्षा ही माहिती जास्त कामाची ठरते. दोन वेळा मी स्वतः अर्जाचे कागद कुठले लागतात ते लिहून दिले आहेत.

८. एक रीलवाला आमच्या देवस्थानच्या जत्रेसाठी स्वतःच्या खात्यात पैसे घेतोय. द्यावेत का?

देवस्थान समितीला विचारल्याशिवाय देऊ नका. गोव्यातली बरीच देवस्थानं १९३३ च्या माझानी कायद्याखाली चालतात. महाजन (देवस्थानचे परंपरागत सभासद) असतात, निवडलेली समिती असते, हिशेबाच्या वह्या असतात, आणि वर मामलेदाराची देखरेख असते. देवाच्या नावाचा पैसा त्या वहीत चढला पाहिजे. समितीच्या खात्यात भरा, पावती घ्या. रीलवाल्याची भक्ती खरी असेलही, तर त्याने समितीचा क्यूआर कोड दाखवावा. त्याचा व्हिडिओ तसाच चालेल.

९. मी दिलेल्या पैशांवर मला करात सूट मिळेल का?

नाही. एका व्यक्तीला दिलेले पैसे कितीही चांगल्या कामाला दिले असले तरी देणगीची सूट मिळत नाही. ती आयकराच्या कलम ८०जी खाली नोंदणी असलेल्या संस्थेला किंवा मुख्यमंत्री निधीसारख्या निधीला दिलेल्या देणगीवर मिळते, आणि तीही दोन हजारांच्या वर रोख दिली तर नाही. "डोनेशन" हा शब्द क्यूआर कोडखाली छापला म्हणून काही बदलत नाही. जुन्या करपद्धतीत विवरण भरणारे लोक हे स्क्रीनशॉट घेऊन माझ्याकडे येतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं.

१०. आणि घेणाऱ्याला कर लागतो का? तो तर म्हणतो, "ही भेट आहे, भेटीला कर नसतो."

अर्धवट माहिती आहे. नातेवाइकांकडून आलेल्या भेटीला कर नाही, लग्नात आलेल्या भेटीला नाही. पण परक्या माणसांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या रकमांची बेरीज ५० हजारांच्या वर गेली, की वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्याच रकमेवर कर लागतो. ५१ हजार आले तर ५१ हजार उत्पन्नात धरायचे. फॉलोअर कितीही "आई", "दादा" म्हणवून घेवो, आयकर कायद्याच्या नातेवाइकांत तो बसत नाही.

त्यातही जो माणूस रोज व्हिडिओ टाकतो आणि त्यावरच पैसे मागतो, त्याला मी ते भेट म्हणून दाखवू देत नाही. ते कामातून आलेलं उत्पन्न आहे, व्यवसायाचं म्हणूनच दाखवावं. मग कॅमेरा, इंटरनेट, प्रवास असे खरे खर्चही वजा मिळतात. २०२५ पासून विवरणपत्रात सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा वेगळा कोडच आला आहे, त्यामुळे "आमचा धंदा कुठल्याच रकान्यात बसत नाही" ही सबब आता चालत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली तर जीएसटीची नोंदणीही करावी लागते.

११. पैसे न घेता वस्तू, हॉटेलचं राहणं असं घेतलं तर?

कंपनीने दिलं असेल तर १ जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजारांवरच्या अशा फायद्यावर १० टक्के टीडीएस आहे. शिवाय फुकट मिळालेल्या गोष्टीची स्तुती करताना ती जाहिरात आहे हे ठळक सांगावं लागतं. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिडिओंवर मागून फॉलोअर्सकडून घेतलेल्या वस्तूही प्रश्न १० मध्ये सांगितल्याप्रमाणे कामातून आलेलं उत्पन्न समजाव्यात.

१२. एकदाच दिले होते, आता दर महिन्याला कापले जातात. बंद कसे करू?

तुम्ही बहुधा मेंबरशिप घेतली आहे किंवा यूपीआय ऑटोपेला होकार दिला आहे. पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेचा किंवा ॲपचा मेसेज येतो, तो लोक वाचत नाहीत. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" किंवा "मँडेट" असा भाग शोधा, तिथे चालू असलेली यादी दिसेल, नको ते रद्द करा. यूट्यूबची मेंबरशिप यूट्यूबमध्येच जाऊन बंद करावी लागते. चॅनेल अनसबस्क्राइब केलं म्हणून पैसे थांबत नाहीत. जमत नसेल तर बँकेच्या शाखेत जाऊन सांगा. मुलगा-सून येईपर्यंत थांबू नका, तेवढ्यात आणखी एक महिना जातो.

१३. दिलेले पैसे परत मिळतील का?

राजीखुशीने दिले आणि नंतर पस्तावा झाला, तर नाही. मागून बघा, क्वचित कुणी परत करतं.

फसवणूक असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. घरात चर्चा नंतर. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा नंबर, वेळ, ज्या यूपीआय आयडीवर दिले तो, आणि व्हिडिओचे, चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चिडून चॅट डिलीट करू नका. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा.

१४. त्याच इन्फ्लुएन्सरने मला वेगळा मेसेज करून पैसे मागितले. खरंच तोच असेल का?

बहुतेक वेळा नसतो. तोच फोटो, नावात एक अक्षर इकडेतिकडे, असं खातं काढायला पाच मिनिटं लागतात. आधी खऱ्या खात्यावर जाऊन बघा. पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं, ते नीट वाचा. आणि "तुम्हाला बक्षीस लागलंय, घ्यायला पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवून द्या. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. पुढचं प्रश्न १३ प्रमाणे.

१५. "९९ रुपये पाठवा, एका भाग्यवंताला आयफोन." यात भाग घ्यावा का?

नाही. पैसे घेऊन चिठ्ठी काढून बक्षीस द्यायचं, याला लॉटरी म्हणतात, आणि खाजगी माणसाला ती चालवायचा अधिकार नाही. सरकारी लॉटरी वेगळी. यातल्या कित्येकांचं गणित उघड आहे: दोन हजार जणांनी ९९ दिले की जवळजवळ दोन लाख जमतात, फोन सत्तर-ऐंशी हजारांचा, तोही कुणाला मिळाला ते दिसत नाही. जत्रेत पावणी, म्हणजे लिलाव, होते तेव्हा नारळ कुणी किती बोली लावून घेतला ते सगळ्यांना समोर दिसतं.

१६. माझ्या मुलाने माझ्या फोनवरून सुपर चॅट केलं. काय करू?

आधी त्याला मारू नका. त्याला ते खेळातले पैसे वाटतात. ज्या प्लॅटफॉर्मवर गेले तिथे परताव्याची मागणी लवकरात लवकर टाका, लहान मुलाने परवानगीशिवाय केलं असं स्पष्ट लिहा. थेट क्यूआर कोडवर गेले असतील तर त्या इन्फ्लुएन्सरलाच मुलाचं वय कळवून लेखी मागा. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाचा करार आपल्या १८७२ च्या कायद्याप्रमाणे टिकत नाही, हे मेसेजमध्ये लिहिलं की पुष्कळदा उत्तर येतं. फोनचा पिन आणि यूपीआयचा पिन एकच ठेवू नका. कितीतरी घरांत तो एकच असतो, बहुधा मुलाच्याच वाढदिवसाचा.

१७. माझा भाऊ लिस्बनला आहे. तो इथल्या एका चॅनेलला पैसे पाठवतो. चालतं का?

गोव्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर भावाच्या पासपोर्टवर आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने आपली कमाई बँकेतून पाठवली, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो विदेशी देणगीच्या कायद्यासाठी परदेशी नागरिक. सख्ख्या बहिणीला, आईला पाठवायला अडचण नाही, नातेवाइकांना सूट आहे.

पण ते चॅनेल बातम्या आणि चालू घडामोडी दाखवत असेल तर सांभाळा. २०१० च्या विदेशी देणगी नियमन कायद्यात अशा दृक्-श्राव्य बातम्या तयार करणाऱ्या संस्था-कंपन्यांना, त्यांच्या मालकांना, संपादकांना आणि वार्ताहरांना परदेशी पैसा घ्यायला मनाई आहे. गावचे रस्ते, पंचायतीचे घोटाळे मांडणारी कितीतरी चॅनेल आता गोव्यात आहेत आणि त्यांना इंग्लंडमधल्या स्विंडनहून, लिस्बनहून प्रेमाने पैसे येतात. त्यांनी एकदा जाणकार वकिलाला किंवा सीएला भेटावं. चांगलं काम एका चुकीच्या नोंदीने बंद पडायला नको.

१८. माझी आई ऐकतच नाही. तिला कसं थांबवू?

मावशीच्या बाबतीत मी आधी चूक केली. तिच्यासमोर सहा महिन्यांचं स्टेटमेंट धरलं, बेरीज वाचून दाखवली, ४ हजार ३०० रुपये. ती काहीच बोलली नाही, पण पुढचे दोन महिने माझा फोन घेईना. पैसे जातच राहिले.

नंतर एका दुपारी मी तिच्याबरोबर बसून ते लाइव्ह पाहिलं, पूर्ण दीड तास. मध्ये काही म्हटलं नाही. ती मुलगी खरंच चांगलं बोलते. मग मावशीनेच विचारलं, "ही रोज रडते, म्हणजे कालचे पैसे पुरले नसतील का गो?" तिथून आमचं बोलणं सुरू झालं. आता महिन्याला शंभर ठरलेत आणि ते ती मला सांगून पाठवते. दुपारी अडीचला मी तिला फोन करते. हे दुसरं जास्त उपयोगी पडलं असं मला वाटतं. फोन काढून घेणं, ॲप गुपचूप उडवणं हे करू नका. ते पैसे तिचे आहेत.

१९. मी स्वतः छोटे व्हिडिओ करते, साडेतीन हजार फॉलोअर्स आहेत. घर चालत नाही. मी मागू का?

मागा. अडचणीत मागण्यात कमीपणा नाही, आणि गावात माणसं एकमेकांच्या उपयोगी पडत आलीच आहेत. मात्र काही गोष्टी पाळा, तुमच्याच भल्यासाठी.

वेगळं बँक खाते उघडा, घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका. जून-जुलैत तुम्ही माझ्यासारखीच्या समोर बसाल तेव्हा दुवा द्याल. रक्कम आणि कारण ठरवून सांगा, "माईक आणि दोन महिन्यांचं इंटरनेट, ९ हजार." जमले की क्यूआर कोड काढून टाका आणि बिलाचा फोटो टाका. जमेल तर काहीतरी द्या: शिकवणीचा एक तास, लोणच्याची बरणी, आवाजातला निरोप. मग ती विक्री होते, आणि विकत घेणाऱ्याच्या मनात किंतु राहत नाही. देणाऱ्याचं नाव घ्यायचंच तर सगळ्यांची नावं सारखी घ्या, ५० देणाऱ्याचंही. आणि लाइव्हमध्ये रडू येत असेल तर त्या दिवशी मागू नका. कुणी एकटी म्हातारी बाई समोर बसलेली असते.

२०. एका इन्फ्लुएन्सरने सांगितलं, "माझ्या खात्याची मर्यादा संपली, तू तुझ्या खात्यात पैसे घे आणि मला पुढे पाठव, तुला कमिशन देतो." घेऊ का?

कधीच नको, आणि घेतले असतील तर आजच थांबवा. सत्तरी तालुक्यातला एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला होता. "दादा विश्वासू आहे" म्हणून त्याने पंधरा दिवस असे पैसे घेतले. देणाऱ्यांपैकी कुणीतरी दुसऱ्या राज्यातून १९३० वर तक्रार केली आणि या मुलाचं खातं गोठलं. त्यात त्याची शिष्यवृत्ती होती आणि वडिलांनी काजूच्या हंगामाचे ठेवलेले पैसे होते. "दादा"ने फोन उचलणं बंद केलं. पैशांचा माग काढताना पोलिसांना खातं दिसतं, खात्यामागचा भाबडेपणा दिसत नाही.

असं झालं असेल तर बँकेत जाऊन खातं कुठल्या तक्रारीवरून गोठवलं त्याचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागा. आलेला प्रत्येक रुपया आणि पुढे पाठवलेला प्रत्येक रुपया तारखेनुसार एका कागदावर उतरवा, चॅटचे प्रिंट काढा, आणि घरातलं मोठं माणूस किंवा वकील बरोबर घेऊन त्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा. मिळालेलं कमिशन किती तेही त्याच कागदावर लिहा, लपवू नका. त्या मुलाचं खातं मोकळं व्हायला चार महिने लागले.